कर्मचाऱ्यांचे धोकादायक मद्यपान आणि ॲप: नोंद कोणाच्या हाती राहावी?

नोंदवही (धागाकर्ती)

खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी आणि त्याच समूहाच्या चाकण येथील कारखान्यासाठी मी आरोग्य सल्लागार म्हणून काम करते. व्यवस्थापनाने अलीकडे असा प्रस्ताव मांडला आहे की, मद्यपान कमी करण्यास साहाय्य करणारे एखादे ॲप सर्व कर्मचाऱ्यांना कंपनीच्या खर्चाने द्यावे, प्रत्येकाने त्यात आपल्या पिण्याची नोंद ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी तिचा गोषवारा मनुष्यबळ विभागाकडे यावा. यामागचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. मात्र प्रस्तावाच्या पहिल्या भागात जो उपयोग आहे, तो शेवटच्या भागामुळे नाहीसा होईल असे माझे मत आहे, आणि ते तपासून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

दारूचा विषय निघाला की अजिबात न पिणारा आणि पिऊन रस्त्याकडेला पडलेला, अशी दोनच माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. या दोघांच्या मधला वर्ग सोमवारी वेळेवर कामाला येतो, घराचे हप्ते भरतो आणि शुक्रवारी मित्रांबरोबर ‘बसल्यावर’ किती झाली याचा हिशेब मात्र ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची, एकूण ४० गुणांची चाचणी हा मधला वर्ग ओळखण्यासाठीच आहे. साधारणपणे ८ ते १५ गुण आल्यास पिणे धोक्याच्या वाटेवर आहे असे समजून साधा सल्ला द्यावा, १६ ते १९ आल्यास समुपदेशन आणि पाठपुरावा करावा, आणि २० किंवा अधिक आल्यास तज्ज्ञांकडे पाठवावे, अशी तिची रचना आहे. ॲपचे खरे क्षेत्र पहिल्या गटाचे, फार तर दुसऱ्याचे.

अशा साधनाची गरज का आहे, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून कळते. एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने केलेल्या त्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांचे पिणे मदतीची गरज भासावी इतके आहे. प्रत्यक्ष मद्यावलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळतात. ज्यांचा आजार उघड दिसतो त्यांची ही स्थिती असेल, तर अजून काहीच न दिसणाऱ्या मधल्या वर्गापर्यंत कोणी पोहोचत नाही हे वेगळे सांगायला नको.

आता पुराव्याविषयी. कॉक्रेन ही उपलब्ध वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आढाव्यात अशा डिजिटल साधनांचे ५७ अभ्यास एकत्र तपासले गेले. साधन वापरणारे लोक, न वापरणाऱ्यांच्या तुलनेत, आठवड्याला सरासरी २३ ग्रॅम अल्कोहोल कमी प्यायले. आपल्या भाषेत सांगायचे तर आठवड्याला दोन लहान पेगांहून थोडे अधिक कमी झाले. हा चमत्कार नाही, पण एका माणसामागे येणारा खर्च आणि पोहोच लक्षात घेता ही घट टाकून देण्यासारखीही नाही.

ज्यांनी असे ॲप वापरले आहे, वापरून सोडून दिले आहे किंवा दुसऱ्याला सुचवले आहे, त्यांनी कृपया लिहावे. विशिष्ट व्यसनमुक्ती केंद्र चांगले की वाईट, ही चर्चा येथे नको.

सदाशिव_दवाखाना

मी जनरल प्रॅक्टिस करतो. धाग्याचा विषय मला महत्त्वाचा वाटतो, परंतु इतर कोणी काही लिहिण्यापूर्वी एक धोक्याची सूचना नोंदवून ठेवतो.

जो माणूस रोज आणि भरपूर पितो, ज्याला सकाळी हात थरथरतात म्हणून थोडी घ्यावी लागते, त्याने ॲपमध्ये ‘आजपासून शून्य’ असे उद्दिष्ट टाकून एकाएकी दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भास, तीव्र गोंधळ, ताप, छातीत धडधड अशी डिलिरियम ट्रेमेन्सची अवस्था उद्भवू शकते. ही स्थिती रुग्णालयात औषधे आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन सांभाळावी लागते. त्यामुळे ॲप उघडताच पहिल्या पडद्यावर ऑडिटचे प्रश्न असावेत आणि गुण २० किंवा अधिक आले तर त्या ॲपने पुढचे काहीही न दाखवता ‘दारू स्वतःहून अचानक थांबवू नका, डॉक्टरांना भेटा’ एवढेच सांगावे. ज्या ॲपमध्ये ही सोय नाही ते कंपनीने फुकट मिळाले तरी घेऊ नये.

दुसरा मुद्दा रक्तातील अल्कोहोलचा अंदाज सांगणाऱ्या ॲपांचा आहे. ‘तुमच्या रक्तात आता इतके आहे’ असे सांगणारी साधने कमी पिण्यास मदत करतील असे वरवर वाटते. स्वीडनमध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर अशा एका ॲपची चाचणी झाली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ते वापरणाऱ्या तरुणांमध्ये पिण्याच्या प्रसंगांची संख्या उलट वाढलेली आढळली. आपल्याकडे तर ‘अजून ३० मिलिग्रॅमच्या आत आहे, गाडी चालवता येईल’ असा हिशेब सुरू होईल. मोटार वाहन कायद्यातील १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा शिक्षेसाठी आहे, सुरक्षिततेची हमी म्हणून ती ठरवलेली नाही.

बालेवाडी_उतरणारा

मी हिंजवडीत काम करतो आणि असे एक ॲप काही महिने वापरले आहे, म्हणून माहितीच्या आधारे लिहितो.

पहिली अडचण मापाची आली. ते ॲप अमेरिकेत तयार झालेले होते, आणि तेथे एक ‘ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. ब्रिटनमध्ये युनिट ८ ग्रॅमचे असते, तर जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमचे माप वापरते. आपल्याकडील व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने ३० मिलीच्या लहान पेगमध्ये जवळजवळ नेमके १० ग्रॅम अल्कोहोल भरते, म्हणजे हे तिसरे माप आपल्याला आयते जुळते. मग नाइन्टी (९० मिली) म्हणजे तीन मापे, क्वार्टर (१८० मिली) म्हणजे सहा, आणि ८ टक्के स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार मापे. ‘मी हार्ड घेत नाही, फक्त बिअर घेतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या आमच्या गटातील मंडळींना दोन स्ट्राँग बाटल्यांत क्वार्टरपेक्षा बरेच अधिक अल्कोहोल असते हे सांगितल्यावर प्रथम कोणाचाच विश्वास बसला नाही. मी त्यांना बाटलीवरचे लेबल दाखवून गुणाकार करून दिला. माझ्या मते कोणत्याही उपदेशापेक्षा हा गुणाकार अधिक परिणाम करतो, आणि ॲपचे निम्मे काम एवढेच आहे. पण त्यासाठी पडद्यावर नाइन्टी, क्वार्टर आणि खंबा (७५० मिलीची बाटली) ही मापे हवीत. ‘एक ग्लास शार्डोने’ असा परदेशी वाइनचा पर्याय पाहून आमच्याकडील माणूस ॲप बंद करतो.

दुसरी गोष्ट वेळेची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ‘ड्रिंक लेस’ नावाचे ॲप तयार झाले आहे. त्याच्या एका अभ्यासात रात्री आठ वाजता आठवण पाठवली असता पुढच्या तासाभरात ॲप उघडण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट झाली. हिंजवडीकरांसाठी आठ ही वेळ फार उशिराची आहे. आमच्याकडे निर्णय सहा-साडेसहाला होतो. रस्त्यावर कोंडी असते, वाकडचा पूल ओलांडायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो, आणि कोणी तरी म्हणते की गर्दी ओसरेपर्यंत बाणेर किंवा बालेवाडीत जाऊन बसू. बहुतेक वेळा पिण्याची इच्छा हे कारण नसतेच, मोकळा पण कंटाळवाणा वेळ हे कारण असते. मी ॲपमधील आठवण साडेपाचवर आणली आणि तिच्यात ‘दारू पिऊ नकोस’ असे न लिहिता ‘आज किती वाजता निघणार?’ एवढेच लिहिले. आठवड्यातील दोन दिवस कार्यालयाच्या जिममध्ये थांबून साडेआठनंतर निघू लागलो. सवयीच्या जागी दुसरी सवय आणणे आणि अडचण आधीच ओळखून तोडगा ठरवणे, ही तंत्रे असलेली साधने अधिक उपयोगी दिसतात असे धागाकर्तीने उल्लेख केलेल्या आढाव्यातही म्हटले आहे.

नंतर मी ॲप वापरणे सोडले, कारण मासिक वर्गणी मागू लागले. नोंद आता एका साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवतो.

फक्त_आज

मी गेली अनेक वर्षे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर मदतगटाच्या मीटिंगला जातो. आपण सर्व सुशिक्षित मंडळी पेगांचे ग्रॅम मोजत आहात, हे वाचून मला थोडे भय वाटले. मीही मोजत होतो. दोनच घ्यायची, शनिवारीच घ्यायची, घरी आणायची नाही, असे सर्व नियम मी करून पाहिले, आणि प्रत्येक नियमाने मला आणखी थोडा काळ पीत राहण्याची परवानगी दिली. त्या काळी हातात ॲप असते तर हिरव्या रंगाचे आलेख बायकोला दाखवून मी आणखी काही वर्षे ओढली असती. माझ्यासारख्यांना नियंत्रित पिणे जमत नाही, आणि हे ज्याचे त्याला फार उशिरा कळते. माणसाला माणसासमोर बसून बोलावे लागते. फोनला खोटे सांगणे अतिशय सोपे आहे.

नोंदवही

आपण लिहिले आहे ते मी पूर्णपणे मान्य करते, आणि ते ॲपमध्ये कसे उतरवता येईल असा विचार करते आहे. उद्दिष्ट सलग काही आठवडे मोडले जात असेल, तर ॲपने उद्दिष्ट सैल करण्याचा पर्याय देऊ नये, ‘आता एखाद्या माणसाशी बोला’ असे म्हणावे. त्या पडद्यावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय १४४४६ हे दोन्ही क्रमांक असावेत. पुण्यात आपल्या मीटिंगांचा आधार आहे, आणि डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मुळे या शहराला व्यसनमुक्तीच्या कामाची चांगली ओळख आहे. जाण्यासाठी जागा आहेत, तेथवर पोहोचण्याचा रस्ता लांब आहे. ॲपने तो थोडा जवळ आणावा.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. ज्याचे गुण ९ किंवा १० आहेत त्याला पहिल्याच दिवशी ‘तू मद्यपी आहेस’ असे सांगितले तर तो दार लावून घेतो. आपण ज्या वाटेने गेलात त्या वाटेने त्याने पुढे जाऊ नये, यासाठी आत्ताच मोजणे सुरू करणे उपयोगाचे आहे.

फक्त_आज

तेवढ्यापुरते ठीक आहे. पण ते क्रमांक पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकू नका.

तिसरी_पाळी

चाकणच्या एका कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. आतापर्यंतची चर्चा संगणकासमोर बसणाऱ्यांची झाली, म्हणून यंत्रासमोर उभे राहणाऱ्यांविषयी लिहितो.

तिसऱ्या पाळीहून सकाळी सुटलेला माणूस मजेसाठी पीत नाही, तो झोप यावी म्हणून पितो. बाहेर ऊन असते, खोलीत सहा जण राहतात, शेजारी गाणी चालू असतात. दारूने लवकर डोळा लागतो, पण झोपेचा उत्तरार्ध विस्कटतो आणि दुपारी दोनला जाग येते, हे आमच्या कारखान्याच्या डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितले तेव्हा कित्येकांनी माना डोलावल्या, कारण तो सर्वांचा अनुभव होता. अशा माणसाला ‘आठवड्यातील पिण्याचे दिवस कमी करा’ असे सांगण्यापेक्षा खिडकीला जाड पडदा, कानात बोळे आणि पाळी बदलण्याचे निश्चित वेळापत्रक यांचा उपयोग अधिक होईल. ॲपमध्ये पाळी नोंदवण्याची सोय नसेल तर त्याच्या सर्व आठवणी नेमक्या चुकीच्या वेळी येतील. रात्री आठला आमचा माणूस कामावर निघण्याच्या तयारीत असतो.

आमच्याकडे दुसरे घड्याळ पगाराचे आहे. महिन्याची सात किंवा दहा तारीख आणि त्यानंतर येणारी साप्ताहिक सुट्टी, हे दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. त्यानंतर गटारी, होळी, गणपती विसर्जनाची रात्र आणि थर्टी फर्स्ट. या तारखा आधीच माहीत असतात. पगाराच्या आदल्या दिवशी एक संदेश आला की ‘उद्या घरी किती पाठवायचे ते आधी पाठव’, तर त्याचा परिणाम होईल असे मला वाटते, कारण परमिट रूममधील बिल आता यूपीआयने दिले जाते आणि पैसे खात्यात शिल्लक असतील तोवर खुर्ची सुटत नाही. यूपीआयचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: माझ्या एका सहकाऱ्याला ॲप वगैरे काही दिले नव्हते. त्याच्या फोनमधील मागच्या महिन्याच्या नोंदींतून फक्त वाइन शॉप आणि परमिट रूमची नावे वेगळी काढून आम्ही बेरीज केली. ती रक्कम मुलीच्या शाळेच्या फीपेक्षा मोठी निघाली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

आणखी एक गोष्ट भाषेची. ‘आपले मद्यसेवन नियंत्रित करा’ असे पुस्तकी मराठी आमच्याकडे कोणी वाचणार नाही. ठेकेदाराचे निम्मे कामगार मराठवाडा, विदर्भ आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. मराठी आणि हिंदीतील, माणसाच्या आवाजातील अर्ध्या मिनिटाचा व्हॉट्सॲप संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

मगरपट्टा_संध्याकाळ

या धाग्यावर आतापर्यंत ‘माणूस’ म्हणजे पुरुष असे गृहीत धरले गेले आहे, म्हणून लिहिते. मी नोकरी करते, आणि माझे पिणे टाळेबंदीच्या काळात घरी वाढले. मे २०२० मध्ये राज्यात दारू घरपोच देण्याची परवानगी मिळाली, हे अनेकांना आठवत असेल. फोनवरील साधने माणसाला दारूपासून दूर नेण्यासाठीच असतात असे नाही, ती दारू दारापर्यंत आणूनही देतात.

मला कोणत्याही केंद्राच्या पायऱ्या चढणे अशक्य वाटत होते. पुण्यात कोठेही गेले तरी ओळखीचे कोणी तरी भेटते, आणि स्त्रीविषयीची अशी बातमी किती वेगाने पसरते हे सांगण्याची आवश्यकता नाही. रात्री अकरा वाजता, कोणालाही न सांगता, नाव न देता दहा प्रश्नांची उत्तरे देता आली, म्हणूनच मी ती दिली. फोनला खोटे सांगणे सोपे आहे असे वर म्हटले गेले. माझ्या बाबतीत खरे सांगणेही फोनलाच सोपे गेले. माणसाशी बोलणे त्यानंतर शक्य झाले.

एक तक्रार मात्र नोंदवते. त्या ॲपने मला ‘तुमच्या वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा तुम्ही किती अधिक पिता’ याचा तक्ता दाखवला. ज्या देशांत बहुतेक जण थोडीफार पितात तेथे अशी तुलना उपयोगी पडत असेल. वर उल्लेख आलेल्या सर्वेक्षणात भारतातील मद्यपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १.६ टक्के आहे. त्या मोजपट्टीवर एक बिअर पिणारी स्त्रीदेखील जगावेगळी ठरते, आणि जगावेगळे ठरवले गेल्यावर माणूस सुधारत नाही, लपतो. पुरुषांच्या बाबतीत उलटे होते. तो देशाच्या सरासरीकडे पाहतच नाही, तो शुक्रवारच्या टेबलावरील पाच जणांकडे पाहतो आणि आपण सर्वांत कमी पितो असे ठरवतो. तुलना करायचीच असेल तर माझ्याच मागील महिन्याशी करावी. शिवाय स्त्रीच्या शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातील प्रमाण अधिक वाढते, हे सांगणारी एक ओळही त्यात नव्हती.

कलम_आणि_पोटकलम

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे गोषवारा मनुष्यबळ विभागाकडे जाण्याकडे वळतो. मी माहिती संरक्षणाच्या क्षेत्रात काम करतो.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत मद्यपान कमी करण्यासाठी ऑनलाइन उपचार देणाऱ्या ‘मॉन्युमेंट’ या कंपनीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. माहिती गोपनीय राहील असे सांगून तिने वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातदार कंपन्यांना पुरवली, असा आरोप होता, आणि अशी माहिती जाहिरातीसाठी देण्यास तिला मनाई करण्यात आली. हे उपचार देणाऱ्या कंपनीचे झाले. नोकरी देणाऱ्या कंपनीकडे तर पगारवाढ, बढती आणि कपात या तिन्हींची चावी असते.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीला मोठे स्थान आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये, नोकरीच्या प्रयोजनासाठी किंवा मालकाचे नुकसान व दायित्व टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्यास वेगळ्या संमतीची गरज नसल्याची तरतूद आहे. कर्मचाऱ्याच्या पिण्याची नोंद हे ‘दायित्व टाळण्याचे’ प्रयोजन आहे असा युक्तिवाद उद्या कोणी केला, तर त्याला उत्तर देण्यात वर्षे जातील. ‘फक्त एकत्रित आकडे देऊ’ या आश्वासनातही फार तथ्य नाही. आठ जणांच्या चमूचा एकत्रित आकडा आला की त्यातील कोणाचा वाटा किती हे चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत ठरते.

कायद्यातील एक अनुकूल गोष्टही सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे, आणि उपचार घेणाऱ्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्कही त्यात आहे. कंपनीच्या आरोग्य विम्यात या उपचारांचा खर्च कसा धरला आहे, हे धागाकर्तीने पॉलिसी उघडून पाहावे. व्यवस्थापनाला खर्चच करायचा असेल तर ती जागा अधिक योग्य आहे.

एचआर_पुणे

मी मनुष्यबळ विभागातच काम करते, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. आम्हाला कोणाची हेरगिरी करायची नसते. परंतु खर्च मंजूर करणारी व्यक्ती वर्षअखेरीस विचारते की या पैशांतून काय साधले, आणि तेव्हा आमच्याकडे दाखवण्यासाठी काही तरी आकडा असावा लागतो. शिवाय फोर्कलिफ्ट चालवणारा कर्मचारी प्यायलेला असेल तर ती केवळ त्याची खासगी बाब राहत नाही.

सदाशिव_दवाखाना

फोर्कलिफ्टच्या प्रश्नाचे उत्तर फाटकावरील श्वासचाचणी आहे, आणि ती उघडपणे, सर्वांची, लेखी नियमानुसार व्हावी. ॲपवर ते ओझे टाकू नये. एक साधन माणसाला पकडण्यासाठी असते आणि दुसरे त्याला मदत करण्यासाठी. दोन्ही कामे एकाच फोनमध्ये घातली की कर्मचारी दुसऱ्यालाही पहिलेच समजतो आणि सर्व नोंदी शून्य येऊ लागतात. माझ्याकडे येणारे रुग्णसुद्धा विम्याच्या कागदावर लिहायचे आहे असे कळताच ‘कधी तरी, समारंभापुरती’ असे सांगतात.

बालेवाडी_उतरणारा

एचआर_पुणे यांना आदरपूर्वक एक प्रश्न. मागील वर्षी आमच्या चमूची सहल मुळशीच्या बाजूला एका रिसॉर्टवर गेली होती. त्या खर्चात जेवणापेक्षा दारूचा वाटा मोठा होता, आणि जो पीत नव्हता त्याच्यासाठी कोमट पेप्सीशिवाय काहीही नव्हते. हे बिल मंजूर करणारा विभाग आणि ॲप विकत घेणारा विभाग एकच आहे. वर्षअखेरीस दाखवण्यासाठी आकडा हवा असेल तर सहलींच्या दारूवरील खर्च किती घटला, हा आकडा दाखवता येईल. त्यासाठी कोणाच्याही फोनमध्ये डोकावण्याची आवश्यकता नाही.

एचआर_पुणे

हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. मात्र सहलीतून दारू पूर्णपणे वगळली तर सहलीला येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर येते, हाही अनुभव आहे. खर्चाची मर्यादा ठरवणे आणि न पिणाऱ्यांसाठी नीट व्यवस्था ठेवणे, एवढे आम्ही लगेच करू शकतो.

नोंदवही

सर्वांच्या प्रतिसादांनंतर व्यवस्थापनापुढे मी कोणता मसुदा ठेवणार आहे ते लिहिते, म्हणजे त्यातील त्रुटी येथेच दाखवता येतील.

कंपनी ॲपची वर्गणी भरेल, पण प्रवेशाचे संकेतांक एकगठ्ठा घेऊन ते वाटले जातील. कोणता संकेतांक कोणी वापरला याची नोंद ठेवली जाणार नाही, आणि कार्यालयाचा ईमेल देऊन खाते उघडता येणार नाही. कोणताही गोषवारा, एकत्रित असो वा निनावी, कंपनीकडे येणार नाही, हे ॲप पुरवणाऱ्याशी होणाऱ्या करारातच लिहिलेले असेल. व्यवस्थापनाला दाखवण्यासाठी मी तीन गोष्टी सुचवणार आहे: किती संकेतांक उचलले गेले, सहलींवरील दारूचा खर्च, आणि विम्यात या उपचारांचा समावेश झाला की नाही. ॲपमध्ये १० ग्रॅमचे माप आणि आपल्याकडची मापे, पाळीनुसार बदलणारी आठवण, मराठी व हिंदीतील आवाज, आणि २० किंवा अधिक गुण आल्यास थांबवून तज्ज्ञांकडे पाठवणारा पडदा, या अटी राहतील. इतरांशी तुलना करणारा तक्ता बंद ठेवता आला पाहिजे.

याच्या जोडीला माणूस हवाच, असे ‘फक्त_आज’ यांच्या प्रतिसादानंतर मला अधिक ठामपणे वाटू लागले आहे. तो माणूस डॉक्टरच असला पाहिजे असे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, ऑडिटवर १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांना वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी काही भेटींत मदत केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीन महिन्यांनंतर धोकादायक पिण्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के होते, तर नेहमीची सेवा काहीशी सुधारून दिलेल्या गटात ते २६ टक्के होते. चाकणमध्ये असे दोन-तीन जण प्रशिक्षित करता येतील. ते कंपनीच्या पगारपत्रकावर असू नयेत, एखाद्या बाहेरील संस्थेमार्फत यावेत.

एका प्रश्नावर माझा निर्णय झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक नाही असे स्पष्ट केले आहे, आणि कर्करोगाशी असलेला दारूचा संबंध तर १९८८ पासून अधिकृतपणे मान्य झालेला आहे. अशा वेळी ॲपने ‘दिवसाला दोन मापांपर्यंत’ असे हिरव्या रंगात दाखवावे काय? दाखवले तर ती परवानगी वाटते, आणि न दाखवले तर ९ गुणांच्या माणसाला उद्दिष्ट काय ठेवावे हेच कळत नाही.

सदाशिव_दवाखाना

हिरवा रंग फक्त शून्याच्या दिवसाला द्यावा. बाकीच्या दिवसांना कोणताही रंग देऊ नये, नुसता आकडा दाखवावा. मधुमेहाची औषधे, झोपेच्या गोळ्या, गर्भारपण आणि यकृताचा आजार असणाऱ्यांना मात्र आरंभीच शून्याचे उद्दिष्ट सुचवावे.

कलम_आणि_पोटकलम

मसुद्यात एक भर घालावी. कर्मचारी नोकरी सोडून गेला तर त्याची नोंद त्याच्याकडेच राहावी आणि त्याला हवी तेव्हा पूर्णपणे पुसता यावी. वर्गणी संपल्यावर ॲप पुरवणारा त्या माहितीचे काय करतो, हे कराराच्या शेवटच्या पानावर बारीक टंकात दडलेले असते. ते पान मला पाठवल्यास मी वाचून देईन.

तिसरी_पाळी

आमच्याकडील सुरक्षारक्षक आणि कँटीनमधील मुलांपैकी पुष्कळांकडे बटणांचा फोन आहे. त्यांच्यासाठी खिशात मावेल असा छापील तक्ता काढता येईल काय? एका बाजूला महिन्याच्या तारखा, दुसऱ्या बाजूला नाइन्टी, क्वार्टर आणि बाटलीची मापे, खाली दोन्ही दूरध्वनी क्रमांक. त्यावर नाव लिहिण्याची जागा ठेवू नये.

नोंदवही

नक्की काढू. मापांचा मजकूर ‘बालेवाडी_उतरणारा’ यांनी तपासून द्यावा, क्रमांक मोठ्या अक्षरांत वरच्या बाजूला घेते. पुढील पगाराच्या आधी छापून कँटीनमध्ये, हजेरीच्या यंत्रापासून दूर, ठेवण्याची व्यवस्था आपल्याकडे सोपवू का?

तिसरी_पाळी

सोपवा. पाणी पिण्याच्या जागेजवळ ठेवतो, तेथे कॅमेरा नाही.